मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आणि लाउडनेस वॉर : लॉसलेस फाइल असूनही गाणं कर्कश का वाजतं?

मेटॅलिका या बँडवर दोन चाहत्यांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. कुणी म्हणतो १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’नंतर बँड संपला. कुणाला १९९१ चा काळ्या कव्हरचा अल्बम म्हणजेच खरा मेटॅलिका वाटतो. १९९६ मध्ये ‘लोड’ आला तेव्हा गाणी राहिली बाजूला, चौघांनी केस का कापले यावरच भांडणं झाली. २००० मध्ये त्यांनी नॅपस्टरला कोर्टात खेचलं आणि गाणी शेअर करणाऱ्या तीन लाखांहून जास्त युजर्सची यादीच पुढे केली. म्हणजे आपल्याच चाहत्यांची यादी! २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला स्नेअर ड्रम तर तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखा वाजतो, यावर अजूनही मीम्स बनतात.

हे सगळे वाद आवडीनिवडीचे आहेत. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा वाद वेगळा आहे, कारण तो मोजता येतो. आणि तुम्ही मेटॅलिका कधीच ऐकत नसाल तरी तो समजून घेण्यात तुमचा फायदा आहे. नवा इअरफोन, महागडा डॅक डोंगल किंवा लॉसलेस सबस्क्रिप्शन यावर पैसे टाकायच्या आधी तर नक्कीच.

गेममधली गाणी सीडीपेक्षा चांगली कशी?

‘डेथ मॅग्नेटिक’ १२ सप्टेंबर २००८ ला बाजारात आला. निर्माता रिक रुबिन, मास्टरिंग टेड जेन्सन. म्हणजे दोघंही या धंद्यातली मोठी नावं. त्याच वेळी हा अख्खा अल्बम ‘गिटार हिरो ३’ या व्हिडिओ गेमसाठी डाउनलोड म्हणूनही आला.

आता या गेमची गंमत अशी की तुम्ही बटण चुकलात की फक्त गिटारचा आवाज गायब होतो, ड्रम आणि गाणं चालूच राहतं. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना तयार स्टिरिओ गाणं देऊन चालत नाही. गिटार, बेस, ड्रम, आवाज असे ट्रॅक वेगवेगळे द्यावे लागतात. हे ट्रॅक शेवटची प्रक्रिया होण्याआधीचे होते. चाहत्यांनी गेममधला ऑडिओ बाहेर काढला, सीडीशेजारी ठेवला आणि ऐकून थक्क झाले. गेममध्ये ड्रमचा ठोका ठोक्यासारखा लागत होता. सीडीवर त्याच ठोक्याच्या जागी एक फाटका ‘क्रट्ट’ असा आवाज येत होता.

कुणी म्हणेल, हा कानांचा भ्रम असेल. म्हणून लोकांनी दोन्हीचे वेव्हफॉर्म काढले. गेममधल्या गाण्याचा आलेख डोंगररांगेसारखा, वरखाली. सीडीचा आलेख सरळ विटेसारखा, वरून आणि खालून तासलेला. डायनॅमिक रेंज मोजायचं एक मीटर असतं; गाण्यातली शिखरं आणि जोरकस भागांची सरासरी यांच्यात किती अंतर आहे, ते हे मीटर डेसिबलमध्ये सांगतं. सीडीवरची गाणी ३ च्या आसपास भरली, गेममधली १० च्या वर. अल्बम पुन्हा नीट मिक्स करून द्या, अशा ऑनलाइन अर्जावर १०,००० हून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या.

यात सगळ्यात बोलका पुरावा खुद्द टेड जेन्सनकडून आला. एका चाहत्याच्या ईमेलला दिलेलं त्याचं उत्तर सगळीकडे पसरलं. त्याचा आशय असा की मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच ते छताला टेकवलेले होते, आपण फारसं काही करू शकत नव्हतो. म्हणजे मास्टरिंगवाल्याला दोष देणारे चाहते एक मजला चुकले होते. गडबड त्याच्या आधी, मिक्सच्याच पायरीवर झालेली होती.

हे ‘छत’ म्हणजे काय?

सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून एक आकडा लिहिलेला असतो. हा आकडा १६ बिटांचा, म्हणजे उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढ्यातच बसणारा. आम्ही प्रोग्रॅमर लोक याला ओळखतो: इंटिजरची मर्यादा. त्याच्यावर आकडाच नाही. आवाज त्यापेक्षा मोठा करायला गेलात तर लाटेचं डोकं छाटलं जातं आणि वर सपाट पठार राहतं. याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लाटेत मूळ वाद्यात नसलेल्या चिरक्या, वरच्या पट्टीच्या फ्रीक्वेन्सी तयार होतात, आणि तोच तो कर्कशपणा.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशा पथकाच्या अगदी जवळ उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ घेतलाय कधी? समोर छाती हादरवणारा ढोल, आणि घरी येऊन व्हिडिओ लावला तर नुसती खरखर. सगळे ठोके एकाच उंचीचे, एकाच चवीचे. तुमच्या फोनच्या माइकचं तिथे छत लागलेलं असतं. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये हेच झालं, फक्त चांगल्या स्टुडिओत आणि जाणूनबुजून.

जाणूनबुजून का? कारण छत हलवता येत नसलं तरी जमीन वर उचलता येते. लिमिटर नावाचं साधन मोठे ठोके दाबतं, मग सगळं गाणं वर ढकलता येतं. शिखरं तिथेच, पण सरासरी आवाज वाढला. १९९४ च्या सुमारास वेव्हज कंपनीचा एल१ सारखे डिजिटल लिमिटर आले आणि हे काम एका स्लायडरवर आलं. दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा माझं गाणं हळू वाजायला नको, म्हणून प्रत्येकाने स्लायडर थोडा थोडा पुढे सरकवला. यालाच लाउडनेस वॉर म्हणतात.

यामागे कानाचा एक जुना स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच गाणं भरलेलं वाटतं. म्हणून एकच गाणं दोनदा वाजवा, दुसऱ्यांदा जरासं मोठं ठेवा, बहुतेकजण दुसरंच ‘भारी क्वालिटी’ म्हणून निवडतील. दुकानात स्पीकर विकणाऱ्याला हे बरोबर माहीत असतं.

एक घोळ इथेच मिटवून टाकू. ‘कॉम्प्रेशन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे फाइल लहान करणं: एमपी३, एएसी वगैरे. दुसरं म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करणं. पहिलं तुमच्या ॲपमध्ये बदलता येतं. दुसरं स्टुडिओतच होऊन गेलेलं असतं. चाहत्यांचे अर्धे वाद एकजण पहिल्याबद्दल आणि दुसरा दुसऱ्याबद्दल बोलतोय म्हणून लांबतात.

दुसऱ्या बाजूचंही ऐकू

ड्रमर लार्स उलरिक अल्बमच्या आवाजावर खूश होता आणि तसं त्याने उघड सांगितलं. धंद्याच्या बाजूने बघाल तर त्याला नाव ठेवायला जागा नव्हती: अमेरिकेत विक्रीच्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४,९०,००० प्रती गेल्या, अल्बम पहिल्या नंबरवर. २००९ च्या ग्रॅमीत रिक रुबिनला वर्षातला सर्वोत्तम निर्माता म्हणून पुरस्कार मिळाला, आणि ज्या कामांसाठी मिळाला त्यात हाच अल्बम होता!

शिवाय मेटल हे काही शांतपणे ऐकायचं संगीत नाही. गिटारचा डिस्टॉर्शन हाच मुळात क्लिपिंगचा चुलतभाऊ. ॲम्प्लिफायरला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटून तो आवाज मिळतो. मग अख्खा अल्बम थोडा रेटला तर बिघडलं कुठे, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात काही तथ्य आहे. माझं मत विचाराल तर गिटार फाटणं आणि ड्रम फाटणं यात फरक आहे. गिटारवादक कुठली तार किती फाडायची हे बोटांनी ठरवतो. लिमिटर बोटं बघत नाही, जे वर येईल ते छाटतो. मेटलमध्ये तर ड्रमचा ठोका गिटारच्या भिंतीतून बाहेर यायला हवा. तोच दाबला तर भिंत उरते, मारा जातो.

मात्र डायनॅमिक रेंजचा आकडा म्हणजे गुणपत्रिका नव्हे. विशेषतः व्हायनलच्या तबकड्यांचे आकडे बघून फसू नका. तेच दाबलेलं मास्टर व्हायनलवर छापून पुन्हा रेकॉर्ड केलं तरी मीटर मोठा आकडा दाखवू शकतं, कारण सुईच्या प्रवासात लाटेचा आकार किंचित बदलतो आणि सपाट पठारांवर खोटी टोकं उगवतात. छाटलेला आवाज काही परत येत नाही.

तुमच्या फोनवर याचं काय?

सीडीच्या दर्जाचा ऑडिओ सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला साधारण ४२ एमबी. लॉसलेस फॉरमॅट त्यातला एकही बिट न गमावता फाइल लहान करतात. पण लक्षात घ्या, ते छाटलेली पठारंही तितक्याच इमानदारीने जपतात. ‘डेथ मॅग्नेटिक’ची लॉसलेस फाइल म्हणजे खरखरीची अचूक प्रत. आणि साध्या ब्लूटूथ बड्सवर ऐकत असाल तर लॉसलेस आहे तसं कानापर्यंत पोचतही नाही. वाटेत एसबीसी, एएसी किंवा एलडीएसी यापैकी एखादा कोडेक ते पुन्हा लहान करतो.

चांगली बातमी अशी की स्ट्रीमिंगने लाउडनेस वॉरची हवा बरीच काढली. कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एलयूएफएस नावाचं माप आता प्रमाण झालंय. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणतं, ॲपल म्युझिक साउंड चेक चालू असेल तर उणे १६ वर. समजा एखादं गाणं उणे ६ वर ठोकून बनवलंय, तर स्पॉटिफाय ते सरळ ८ डेसिबल खाली आणतं. एवढी छाटाछाट करून मिळवलेला मोठेपणा गेला, छाटलेले ठोके मात्र तसेच राहिले. म्हणजे आता जास्त दाबलेलं गाणं मोकळ्या गाण्याशेजारी उलट मिळमिळीत वाटतं.

हे स्वतः बघायचंय? यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा, मग व्हिडिओ लावून प्लेअरच्या मेनूतून ते उघडा. आवाजाच्या ओळीत टक्के आणि ‘कंटेंट लाउडनेस’ असा डेसिबलचा आकडा दिसेल. तिथे ५ डेसिबल दिसलं तर यूट्यूबने ते गाणं सुमारे ५६ टक्क्यांवर उतरवून वाजवलंय. आकडा उणे असेल तर गाणं मुळातच हळू आहे, आणि यूट्यूब त्याला वर उचलत नाही. एखादी सुगम संगीताची जुनी रेकॉर्डिंग आणि आजचं डान्स नंबर लागोपाठ तपासा, फरक लगेच दिसेल.

दोन आवृत्त्यांची तुलना करायची असेल तर स्पॉटिफायचं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू आणि ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘लाउड’ नको, त्यात ॲप स्वतःचा लिमिटर लावू शकतं. इक्वलायझर आणि फोनमधले डॉल्बी वगैरे इफेक्ट बंद. शक्यतो वायरचे इअरफोन. मग गिटारकडे नाही, स्नेअर आणि बेस ड्रमकडे कान ठेवा. जास्त दाबलेल्या गाण्यात ठोका पडला की बाकीची वाद्यं क्षणभर मागे सरकल्यासारखी वाटतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत कान कंटाळतात. कंटाळा हा इथे मीटरपेक्षा बरा मापक आहे.

रीमास्टर शोधताना

२०१५ मध्ये आयट्यून्ससाठी ‘डेथ मॅग्नेटिक’ची पुन्हा मास्टर केलेली आवृत्ती आली. ती मूळ सीडीपेक्षा बरीच मोकळी आहे. त्यामुळे हा अल्बम ऐकताना तुमच्या ॲपमध्ये कुठली आवृत्ती आहे तेही बघून घ्या.

पण ‘रीमास्टर’ हा शब्द दिसला की लगेच खूश होऊ नका. मास्टरिंग होतं ते तयार मिक्सवर. मिक्समध्येच जे गेलं, ते मास्टरिंगमध्ये परत आणता येत नाही, त्याला रीमिक्स लागतं. मेटॅलिकाचंच उदाहरण घ्या. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि चाहते तेव्हापासून तो मागतायत. २०१८ मध्ये त्या अल्बमचं रीमास्टर आलं, आवाज स्वच्छ झाला, पण बेस होता तिथेच राहिला. बँडने मिक्सला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. ‘सेंट अँगर’च्या डब्याला तर रीमिक्सही पुरणार नाही, लार्सने रेकॉर्डिंगच्या वेळीच स्नेअरच्या खालच्या तारा सोडलेल्या होत्या.