तुटलेल्या भोकांची साक्ष

घरातल्या लाकडी मुठीच्या सुऱ्या कडेने पाहा. एखादीत दोन लाकडी पट्ट्यांच्या मधोमध पोलादाची रेघ दिसेल. म्हणजे पाते मुठीच्या टोकापर्यंत गेले आहे आणि पट्ट्या त्याला रिबिटांनी जखडल्या आहेत. ही साधी जोडणी साधायला माणसाला बराच काळ लागला.

इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याला युरोपात काशाच्या लांब, अरुंद तलवारी वापरात होत्या. त्यांचे पाते मुठीच्या तोंडाशीच संपे आणि तिथेच दोन-चार रिबिटांनी मुठीला जोडलेले असे. भोसकायला हे पुरेसे होते. धारेने वार केला, की मात्र पात्याच्या काठाजवळची रिबिटांची भोके फाटत. अशी फाटलेली भोके उत्खननात सापडलेल्या अनेक पात्यांवर दिसतात.

असे का व्हावे? समजा, मुठीपासून ४० सेंटिमीटरवर ५० न्यूटन बल धारेवर पडले. बलाचे परिबल २० न्यूटन-मीटर झाले. दोन रिबिटांत ४ सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर सुमारे ५०० न्यूटन बल येते. १० सेंटिमीटर असेल, तर सुमारे २०० न्यूटन. आधार जितका आखूड, तितका ताण जास्त.

पुढे कारागिरांनी पाते आणि मुठीचा गाभा एकसंध ओतला, गाभ्याचे काठ उंचावले आणि त्यांत लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्ट्या बसवल्या. आता वार कासे पेलू लागले. रिबिटांकडे उरले पट्ट्या धरून ठेवण्याचे काम. या घडणीचा एक प्रकार इ.स.पू. १२००च्या सुमारास ग्रीस व सायप्रसपर्यंत पोचला होता. जुन्या तलवारींवर १९०३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या युलिउस नाउए यांचे नाव त्याला मिळाले आहे. पट्ट्या बहुधा कुजून गेल्या. पण उरलेल्या रिबिटांच्या लांबीवरून मुठीच्या जाडीचा अंदाज बांधता येतो.

आज पट्ट्यांखाली बहुधा इपॉक्सी गोंदही लावतात. तो फट बुजवतो, त्यामुळे पाणी आत शिरून गंज धरत नाही. मात्र दमट हवेत लाकूड फुगते, पोलाद फुगत नाही. या ओढाताणीत किंवा जोराच्या आपटण्याने गोंद सुटू शकतो. तेव्हा रिबिटे पट्ट्या धरून ठेवतात. तीही फार ठोकली, तर लाकूड चिरते. म्हणून दोन्ही हवीत, बेताने.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. पुठ्ठ्याची लांब पट्टी फळीवर दोन टाचण्यांनी, आधी जवळजवळ आणि मग दूरदूर, टोचा. दर वेळी पट्टीचे मोकळे टोक आडवे ढकला. भोके केव्हा लवकर फाटतात, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.