मध्यरात्रीचं सोनेगाव

गेल्या दोन वर्षांत मी आठ वेळा म्युनिकला जाऊन आलो. दरवेळी तेच. हुडकेश्वरहून कॅब, म्हाळगीनगर चौकातून रिंगरोड, मानेवाडा, ओंकारनगर, छत्रपती चौक, मग वर्धा रोडवरून सोनेगावचं विमानतळ. अर्धा-पाऊण तास. तिथून मुंबई किंवा दिल्ली, आणि मग कुठे खरा प्रवास सुरू होतो. मागच्या खेपेला कॅबवाल्या भाऊंनी विचारलं, "नागपूर तर देशाच्या मधोमध हाय ना? मग तुम्ही आधी मुंबईले काऊन जाता?"

मला उत्तर देता आलं नाही. झिरो माईलचा दगड शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण मधोमध असण्याचा नागपूरला नेमका काय उपयोग झाला, हे कोणी सांगत नाही. एकेकाळी तो झाला होता. तोही विमानाच्या बाबतीत, रोज रात्री, जवळपास पंचवीस वर्षं.

आजोबा सांगायचे, लहानपणी रात्री झोपमोड झाली की विमानांची घरघर ऐकू यायची. आम्हाला ती थाप वाटायची. त्या काळात नागपुरात रात्री कुठली विमानं? पण आजोबा खरं बोलत होते.

30 जानेवारी 1949 ला देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. योजना अगदी साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं सोनेगावला उतरायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईहून आलेल्या पिशव्यांतली कलकत्त्याची पिशवी कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या विमानात. मग विमानं उलटी फिरायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत पडलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात.

मी कम्प्युटरवाला असल्यामुळे मला यातलं गणित फार आवडतं. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. दोन्ही बाजूंनी मिळून रात्रीची बारा उड्डाणं. मध्ये एक ठाणं ठेवलं की आठ उड्डाणांत आणि चार विमानांत काम भागतं. शिवाय प्रत्येक टप्पा लहान. तेव्हाचं डकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडायचं. दिल्ली ते मद्रास साडेसतराशे किलोमीटर, म्हणजे साडेसहा तास. नागपूर मात्र चारही शहरांपासून साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर आहे. तीन-साडेतीन तासांत येणं, तेवढ्याच वेळात परत जाणं. रात्र बरोब्बर पुरते. नेटवर्कच्या पुस्तकात याला 'स्टार' म्हणतात. आपल्याकडे ती आकृती जमिनीवरच आखलेली होती, आणि मध्ये आपण होतो.

ही कल्पना रेटली ती तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी. पाठोपाठ 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. म्हणजे हवाई टपाल ही फक्त व्यापाऱ्यांची चैन राहिली नाही. गावाकडच्या आईचं पत्रही त्याच पिशवीत.

विरोध करणाऱ्यांत जे. आर. डी. टाटा होते. टपाल विमानाने नेण्याला त्यांचा विरोध असणं शक्यच नव्हतं. 1932 मध्ये कराची-मुंबई टपाल त्यांनी स्वतः विमान चालवत आणलं होतं. त्यांचं म्हणणं इतकंच, की रात्री उडायला लागणारी जमिनीवरची व्यवस्था अजून पुरेशी नाही, घाई नको. सरकारने ऐकलं नाही. सुरुवातीला खासगी कंपन्यांनी ही सेवा चालवली. त्या काळात झेपणार नाहीत इतक्या विमान कंपन्यांना परवाने दिले गेले होते. 1950 च्या न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीने त्यावर बोट ठेवलं. शेवटी 1 ऑगस्ट 1953 ला सगळं नव्या सरकारी इंडियन एअरलाइन्सकडे आलं.

त्याच वर्षी 12 डिसेंबरच्या रात्री मद्रासला निघालेलं डकोटा सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळलं. तेरा माणसं गेली. त्यांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वाचले फक्त वैमानिक.

हो, या विमानांत पिशव्यांबरोबर माणसंही असायची. दिवसभराचं काम उरकून रात्री निघायचं, नागपूरला विमान बदलायचं आणि सकाळी दुसऱ्या शहरात हजर व्हायचं. हे वाचताना मी थांबलो. हे तर माझंच वेळापत्रक आहे! शुक्रवारी डेमो संपवून रात्रीचं विमान, मध्ये कुठल्यातरी अनोळखी विमानतळावर डोळे चोळत तीन तास. दोह्याच्या लाउंजमध्ये मी जसा शहर न बघता बसतो, तसे ते लोक नागपूर न बघता सोनेगावला बसत असणार.

मग जेट विमानं आली. मुंबईहून कलकत्ता एका झेपेत, मध्ये उतरायची गरजच उरली नाही. 1973 मध्ये नागपूरची ही सेवा थांबली. गंमत म्हणजे त्याच वर्षी 17 एप्रिलला अमेरिकेत फेडएक्सने मेम्फिसहून 14 लहान विमानं उडवली. पहिल्या रात्री 25 शहरांसाठी 186 पार्सलं. सगळी विमानं रात्री मध्ये एकत्र आणायची, माल बदलायचा, पहाटे परत पाठवायची. जगातल्या मॅनेजमेंटच्या वर्गांत मेम्फिस शिकवतात. सोनेगाव नागपूरच्या शाळेतही शिकवत नाहीत.

आज मिहानमध्ये मोठी बोइंग विमानं दुरुस्तीला येतात. आपल्या डोक्यावरून रात्रभर परदेशी विमानं जातात. आणि नागपूरकर आधी मुंबई-दिल्ली गाठतो. भाऊंना द्यायचं उत्तर आता माझ्याकडे आहे. मधोमध असण्याला किंमत असते ती विमान दमतं तोवर. दम वाढला की मधलं ठाणं गळतं. नकाशा तोच राहतो, फक्त त्याची गरज संपते.

हे मला थोडं लागलं, कारण मीसुद्धा एका कामातलं मधलं ठाणंच आहे. इकडच्या टीमचं तिकडे समजावायचं, तिकडचं इकडे आणायचं. उद्या कोणीतरी थेट जोडणी काढेल.

मार्चमध्ये बाबांना रात्री दवाखान्यात हलवलं. मी म्युनिकला होतो. व्हिडिओ कॉलवर बाबा लगेच दिसले, प्रत्यक्ष पोचायला बावीस तास लागले. निरोप माणसाच्या कितीतरी पुढे निघून गेलाय. सोनेगावच्या त्या विमानात निरोप आणि माणूस शेजारी शेजारी बसून एकाच वेळी पोचायचे.

बाबा आता बरे आहेत. परवा रात्री मी परत आलो तर आई जागी होती. म्हणाली, "विमानाचा आवाज आला, म्हटलं तूच असशील." हुडकेश्वरपर्यंत तो आवाज खरंच येतो का, मी विचारलं नाही.