चिलीम, गुडगुडी आणि विजेची नळी

कोणतेंही नवें उपकरण समाजांत आलें म्हणजे त्याच्या भोंवतीं दोन प्रकारचे लोक जमतात. एक, तें नवें आहे एवढ्याच कारणानें त्यास नांवें ठेवणारे; आणि दुसरे, तें नवें आहे एवढ्याच कारणानें त्यास डोक्यावर घेणारे. ह्या दोघांच्या कलहांत त्या उपकरणाची खरी परीक्षा बहुधा राहूनच जाते. तंबाखूचा धूर ओढण्याच्या साधनांचा जो चारशें वर्षांचा इतिहास आपल्या देशांत घडला, तो ह्या गोष्टीचें उत्तम उदाहरण होय; आणि तो आज पुन्हां उलगडून पाहण्यास एक निमित्तही झालें आहे. विजेवर चालणाऱ्या ज्या नळीस ई-सिगारेट म्हणतात, तिच्या शौकिनांत नवख्या मनुष्याचा एक ठराविक प्रश्न असतो. पहिलें उपकरण कोणतें घ्यावें? खर्च बेताचा असावा, आणि तें आपल्या हातानें उघडून, आंतील तार व कापूस बदलून, पुन्हां जोडतां यावें. ह्या प्रश्नाचें उत्तर बाजारांत शोधण्यापूर्वीं इतिहासांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

पलुसासारख्या गांवीं असा प्रश्न निघाला, तर त्यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. अवजार घेतांना तें उघडतां येतें कीं नाहीं, झिजलेला भाग बदलतां येतो कीं नाहीं, गांवच्या कारागिराच्या हातून तें दुरुस्त होईल कीं नाहीं, हे विचार ह्या मुलखाच्या अंगवळणीं पडलेले आहेत. पलुसाच्या शेजारींच किर्लोस्करवाडी आहे. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांच्या आश्रयानें, निवडुंगानें भरलेल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला कारखाना तेथें उभा केला. त्यांच्या लोखंडी नांगरास आरंभीं गिऱ्हाइक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत वादविवादानें गेली नाहीं. नांगर शेतांत चालला, पीक आलें, जमीन बिघडली नाहीं, तेव्हां गेली. हा दाखला वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां तंबाखूकडे वळूं. ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली, आणि आधीं दक्षिणेंत रुजून मग उत्तरेस गेली. ह्या प्रवासाचा एक साक्षीदार सुदैवानें लिहून ठेवणारा निघाला. अकबर बादशहाचा असदबेग नांवाचा अधिकारी विजापुरास आदिलशाही दरबारीं गेला होता. आज ज्यास आपण पलूस-मिरजेचा मुलूख म्हणतों, तोही त्या काळीं आदिलशाहीच्याच सत्तेखालीं होता. तंबाखू हा पदार्थ असदबेगानें उत्तरेंत कधीं पाहिला नव्हता. तो त्यास विजापुरास प्रथम दिसला. १६०४ च्या सुमारास तो परत फिरला, तेव्हां त्यानें बरीचशी तंबाखू बरोबर घेतली, आणि बादशहापुढें ठेवण्यासाठीं एक शोभिवंत नळी तयार करविली. तिची दांडी अचीनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांस रत्नें आणि मिन्याचें काम केलेली. तोंडाशीं येमेनी अकीक बसविलेला. आणि विस्तव ठेवावयाचें पात्र सोन्याचें.

बादशहानें ती नळी तोंडास लावून एक-दोन झुरके घेतले मात्र, राजवैद्यास काळजी पडली. आपल्या वैद्यकग्रंथांत ह्या पदार्थाचा उल्लेख नाहीं. ज्याची परीक्षा झाली नाहीं असें औषध बादशहास कसें द्यावें, असा त्याचा आक्षेप होता. असदबेगानें उत्तर केलें तें असें: युरोपांतील लोक कांहीं इतके अजाण नाहींत, त्यांच्यांतही जाणते पुरुष आहेत, आणि जगांतील प्रत्येक रीत केव्हां ना केव्हां तरी नवीच होती. बादशहास हें उत्तर आवडलें; परंतु गंमत अशी कीं, त्यानें पुन्हां तंबाखू ओढली नाहीं. सरदारांनीं मात्र ती मागून मागून नेली, व्यापारी ती विकूं लागले, आणि थोड्याच काळांत तो प्रघात सर्वत्र पसरला.

हा संवाद आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वैद्य म्हणतो, ग्रंथांत नाहीं म्हणून नको. ह्या न्यायानें किर्लोस्करांचा नांगरही त्याज्यच ठरला असता. असदबेग म्हणतो, सर्वच गोष्टी एकदां नव्या होत्या. ह्या न्यायानें कोणतीही गोष्ट निर्दोष ठरेल. तात्पर्य, नवेपणा हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. वैद्याच्या बोलण्यांतील एकच शब्द मोलाचा होता, तो म्हणजे ‘परीक्षा’. आणि नेमका तोच शब्द रत्नजडित दांडीच्या झगमगाटांत कोणाच्या कानीं शिरला नाहीं. ज्या १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्यानें तंबाखूच्या विरुद्ध पुस्तक लिहिलें, त्याच सुमारास ती आग्र्याच्या दरबारीं पोहोंचली. पुढें १६१७ त जहांगीरानें तंबाखूस बंदी केली. इराणच्या शाह अब्बासानेंही तसाच हुकूम काढला होता. परंतु जहांगीराचा वकील खान आलम ह्यास तंबाखूवांचून क्षणभर करमेना, तेव्हां शाहनें त्यास तेवढी सवलत दिली. म्हणजे दोन बादशहांचे हुकूम एका मनुष्याच्या तलफेपुढें नमले!

दरबारांतून ही संवय चावडीवर आणि शेताच्या बांधावर उतरली, तेव्हां तिनें चिलमीचें रूप घेतलें. कुंभाराच्या भट्टींतून निघालेलें मातीचें निमुळतें नळकांडें. त्याच्या गळ्यांत एक खडा, तंबाखू खालीं घसरूं नये म्हणून. वर चुरलेली तंबाखू, तिच्यावर विस्तव. आणि तोंडाशीं ओल्या फडक्याची छापी. प्रत्येक वेळीं ती झाडावयाची, खडा पुसावयाचा, छापी भिजवावयाची आणि पुन्हां भरावयाची. खडा लहान पडला तर राख घशांत जाते, तंबाखू दाबून भरली तर दम लागत नाहीं, छापी वाळली तर ओंठ भाजतात. म्हणून चिलीम भरणें ही एक लहानशी विद्याच होती. विजेची नळी स्वतः उघडून भरणाऱ्या आजच्या शौकिनास आपण कांहीं अपूर्व करीत आहों असें वाटत असेल, तर त्यानें ह्या चिलमीकडे पाहावें. पैशा-दोन पैशांची, पुन्हां पुन्हां जोडतां येणारी ती पहिली नळी होय.

श्रीमंतांनीं गुडगुडी घेतली. बिदरच्या कारागिरांनीं जस्त आणि तांबें ह्यांच्या मिश्रणाचीं हुक्क्याचीं पात्रें घडविलीं. त्यांत चांदीची वेलबुट्टी भरून किल्ल्यांतील मातीच्या योगानें तीं काळीं केलीं. तीं आज वस्तुसंग्रहालयांतून पाहतांना कोणाचेंही मन प्रसन्न होईल. परंतु ह्या गुडगुडीबरोबर एक समजूतही घरोघर गेली, ती ही कीं, पाण्यांतून आलेला धूर शुद्ध होतो. पाण्यानें धूर थंड होतो, हें खरें. घशास तो बोंचत नाहीं, म्हणून मनुष्य तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. कोळशांतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायु पाण्यांत अडकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं दिलेल्या इशाऱ्यानुसार, हुक्क्याच्या एका तासाच्या बैठकींत एका सिगारेटीच्या शंभर ते दोनशें पट धूर आंत जाऊं शकतो. उपकरण सुंदर झालें, धूर सौम्य झाला, आणि त्यामुळेंच अपाय वाढला. हा ह्या इतिहासांतला दुसरा धडा. महाराष्ट्रांत हुक्क्याच्या बैठकींचे व्यवसाय कायद्यानें बंद झाले, त्यास मात्र २०१८ साल उजाडावें लागलें.

पुढचा टप्पा तयार मालाचा. टेंभुर्णीच्या पानाची विडी आली आणि भरण्याची विद्या ओढणाऱ्याकडून वळणाऱ्याकडे गेली. कृष्णेच्या दक्षिणेस निपाणीची पेठ ह्याच मालावर वाढली; तेथील हजारों स्त्रियांच्या बोटांवर घरसंसार चालले, आणि १९८१ सालीं तंबाखूच्या भावासाठीं आंदोलन करणारे शेतकरी तेथें गोळीबारांत प्राणास मुकले. एका झुरक्यामागें केवढा प्रपंच उभा असतो, हें ओढणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. तिकडे अमेरिकेंत जेम्स बॉन्सॅक ह्यास १८८१ सालीं सिगारेटी वळणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळालें होतें. तें मिनिटास सुमारें दोनशें सिगारेटी तयार करी. किर्लोस्करवाडी वसली त्याच १९१० सालीं कलकत्त्यास इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली. एकाच वर्षीं दोन कारखाने, दोन्ही यंत्रयुगाचीं अपत्यें. एकानें जमीन नांगरली, दुसऱ्यानें छाती.

विजेच्या नळीची कल्पना अमेरिकेंतील हर्बर्ट गिल्बर्ट ह्यानें १९६३ सालींच मांडली होती. परंतु ती व्यवहारांत आणिली चीनमधील औषधनिर्माता होन लिक ह्यानें, २००३ सालीं. हींत जळणें नाहीं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्यें आणि निकोटीन ह्यांचा द्रव तापवून त्याची वाफ ओढावयाची. प्रथम तयार नळ्या आल्या. मग हौशी मंडळींस त्या अपुऱ्या वाटल्या, आणि ज्यास ते रीबिल्डेबल ड्रिपिंग अ‍ॅटमायझर म्हणतात तें पात्र निघालें. त्याची रचना साधी आहे. तळाशीं धातूची बैठक, तिच्यावर तार आवळण्याचे खांब, त्यांत निक्रोम किंवा कँथल तारेचें वेटोळें, वेटोळ्यांतून ओंवलेला कापूस, आणि वरून टोपण. कापसावर द्रवाचे थेंब सोडावयाचे, थोडे झुरके घ्यावयाचे, पुन्हां थेंब सोडावयाचे. खडा, छापी आणि विस्तव ह्यांच्या जागीं खांब, कापूस आणि वीज आली, इतकाच फरक.

जाणता कारागीर अशा पात्रांत काय पाहील, हें सांगणें कठीण नाहीं. खांबाचे स्क्रू तार घट्ट धरतात काय, थेंब सांठण्यास तळाशीं पुरेशी खोली आहे काय, हवेचें भोंक लहानमोठें करतां येतें काय, आणि दोन खांबांमधील विद्युत्‌रोधक भाग उष्णतेनें वितळणार नाहीं ना. पात्र स्वस्त असलें तरी चालतें. परंतु खरा धोका पात्रांत नसून त्याच्या खालच्या बॅटरींत आहे. अर्ध्या ओहमच्या वेटोळ्यास ४.२ व्होल्टची पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी जोडली, कीं ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो. तारेचें टोंक चुकून टोपणास टेंकलें तर तोच प्रवाह मर्यादा सोडतो; बॅटरी फुटून मनुष्य भाजतो. कापूस कोरडा पडला आणि तार तापली, तर घशांत जळका आणि विषारी धूर जातो. म्हणून आधीं रोध मोजणें, मग वीज लावणें, हा त्या विद्येचा पहिला नियम.

परंतु एवढें सर्व जाणल्यावरही नांगराच्या परीक्षेचा दुसरा अर्धा भाग उरतोच. अवजार उघडतां आलें, हा पहिला अर्धा. शेतांत तें मागें काय ठेवतें, हा दुसरा. तार आणि कापूस आपल्या डोळ्यांस दिसतात. द्रवांत काय आहे तें दिसत नाहीं. अमेरिकेंत २०१९ सालीं अशा नळ्या ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या विकाराची सांथ आली, आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रोगी आणि ६८ मृत्यु नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्यांनीं गांजाच्या अर्काचा चोरट्या बाजारांतील द्रव ओढला होता, आणि त्यांत मिसळलेलें व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हें मुख्य कारण ठरलें. तेथें नळीची घडण सदोष नव्हती. नळींत ओतलेली वस्तु सदोष होती. निकोटीनची गोष्ट ह्याहून शांत, पण अधिक चिवट. खान आलमास ज्यानें धरून ठेवलें, तेंच तें.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जळत्या सिगारेटीच्या मानानें ह्या वाफेंत विषें पुष्कळ कमी असतात, आणि इंग्लंडमध्यें जुन्या धूम्रपान्यांस सिगारेट सोडविण्यासाठीं सरकारी आरोग्यसेवाच तिचा उपयोग करते. परंतु ही सवलत ज्याची छाती आधींच काळवंडली आहे त्याच्यासाठीं आहे. ज्यानें अजून एकही झुरका घेतला नाहीं, त्याच्यासाठीं नव्हे. आपल्या देशानें तर निराळाच मार्ग धरला. सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें आणि त्याच वर्षाच्या कायद्यानें ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात निषिद्ध झाली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. विडी आणि सिगारेट मात्र दुकानांत राजरोस मिळते, ही विसंगति कोणाच्याही ध्यानांत येईल. तथापि तिच्यावरून नळी निर्दोष ठरत नाहीं. फार तर सिगारेट अधिक सदोष ठरते. आणि निषिद्ध मालाचा बाजार चोरटा असतो. तेथें द्रवाची आणि बॅटरीची शाश्वती कोण देणार?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. स्वस्त, उघडतां येईल असें, आपल्या हातानें जोडावयाचें पहिलें उपकरण कोणतें? प्रश्न विचारणाऱ्या तरुणास घरच्या वडील मंडळींनीं एकदम धुडकावून लावूं नये, असें आमचें मत आहे. त्याच्या प्रश्नांतील एक वासना अगदीं निर्मळ आहे. वस्तूच्या पोटांत काय आहे तें पाहावें, तार स्वतः वळावी, प्रवाह स्वतः मोजावा, ही ती वासना. ह्याच वृत्तीनें पलुसाशेजारच्या माळावर कारखाना उभा केला. दोष आहे तो हाताच्या हौसेस तलफेची जोड देण्यांत. ती जोड तोडली, कीं तीच तार, तोच ओहमचा नियम आणि तोच स्क्रू मोटार आणि पंप दुरुस्त करण्याच्या कामीं येतो. केवळ बंदीनें तलफ जात नाहीं, हें जहांगीराच्या वेळींच दिसून आलें. आणि केवळ नव्या घडणीनें ती शुद्ध होत नाहीं, हें चिलमीपासून विजेच्या नळीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर दिसून आलें आहे. चारशें वर्षांपूर्वीं राजवैद्यानें परीक्षेची जी मागणी केली, ती आतां पुरी झालेली आहे. ज्या पदार्थाची परीक्षा व्हावयाची बाकी नाहीं, त्याच्यासाठीं नवें पात्र निवडीत बसण्याचें आम्हांस तरी प्रयोजन दिसत नाहीं.