उंदीर, दूध आणि पोटातले जंतू

अकोले तालुका म्हटला की आपणांस भंडारदरा आठवतो, कळसूबाई आठवते. कर्करोग-संशोधनाच्या इतिहासात या तालुक्याचे नाव कोणी घेत नाही. मी मात्र घेणार आहे. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधील डॉ. कमल रणदिवे यांनी सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने इथल्याच आदिवासी मुलांच्या कुपोषणाची पाहणी केली होती.

बाईंचा जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट, मग बाल्टिमोरला डॉ. गे यांच्याकडे शिक्षण. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, अंतःस्राव आणि विषाणू यांचे नाते काय, हा त्यांचा विषय. १९३६ साली अमेरिकेत बिटनर यांनी दाखवले होते की, रोगप्रवण वाणाची उंदराची पिले दुसऱ्या वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर रोग पुष्कळच कमी होतो. म्हणजे जे वंशातले समजत होते, ते दुधातून येत होते! पुढे तो विषाणू ठरला.

आता गंमत पहा. २०१५ साली शिकागोत गजेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच वाणाचे उंदीर दोन ठिकाणांहून आणले. एकांत त्वचेच्या कर्करोगाची गाठ झपाट्याने वाढे, दुसऱ्यांत सावकाश. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले, आणि फरक मिटला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, बरं का! फरक आतड्यांतल्या जंतूंचा होता. बायफिडोबॅक्टेरियम पोटात दिल्यावर प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधाचा गुण वाढला.

मग माणसांची पाळी. २०२१ साली इस्रायलमध्ये, ज्यांना या औषधाने उतार पडला होता त्यांच्या मळातले जंतू, न पडलेल्या दहा रोग्यांना दिले. तिघांच्या गाठी आकसल्या. दहांत तीन. थोडे म्हणावे, तर हे सारे औषधाला दाद न दिलेले रोगी. त्याआधी २०१८ साली पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत दिसले होते की, उपचाराच्या सुमारास प्रतिजैविके घेतलेल्यांना गुण कमी येतो. म्हणून गरजेचे औषध कोणी आपल्या मनाने सोडू नये. ती निवड डॉक्टरांची.

अडचण निराळीच आहे. त्याच वर्षी पॅरिस, शिकागो आणि ह्यूस्टन येथल्या तीन गटांनी उपकारक म्हणून तीन वेगळे जंतू पुढे केले. जंतू जगतात आपल्या अन्नावर. नाचणीभाकरीवर वाढलेल्या राजूरच्या माणसाच्या पोटात यांतले कोण नांदते, ते पॅरिसचे मळ तपासून कळायचे नाही. त्यासाठी राजूरलाच यावे लागेल.