दयाळू राजाची रयत स्वतंत्र असते का?

प्रजासत्ताक म्हणजे राजा नसलेले राज्य, एवढी व्याख्या आपण शाळेत शिकतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. या शब्दामागे स्वातंत्र्याची एक वेगळी कल्पना आहे. तिच्यावर युरोपात सोळाव्या ते अठराव्या शतकात मोठा वाद झाला. आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्याला तो माहीत असावा, कारण गावगाड्याने विचारलेला प्रश्नही तोच आहे.

वाद काय होता?

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने १६५१ च्या ‘लेव्हायथन’ ग्रंथात म्हटले की स्वातंत्र्य म्हणजे अडथळा नसणे. कायदा जिथे गप्प आहे तिथे माणूस मोकळा. मग राज्य एका राजाचे असो की लोकांचे, फरक पडत नाही. इटलीतल्या लुका या प्रजासत्ताक शहराच्या बुरुजावर ‘स्वातंत्र्य’ असे कोरलेले असले, तरी तिथला नागरिक कॉन्स्टँटिनोपलच्या सुलतानाच्या प्रजेपेक्षा जास्त मोकळा नाही, असे त्याचे म्हणणे होते.

जेम्स हॅरिंग्टनने १६५६ च्या ‘ओशियाना’ या ग्रंथात त्याला उत्तर दिले. सुलतानाच्या राज्यात मोठ्यातल्या मोठ्या सरदाराचे डोकेसुद्धा सुलतानाच्या मर्जीवर धडावर असते. लुकाच्या साध्या नागरिकाचे तसे नसते. तो फक्त कायद्याला बांधील असतो. ज्याच्या हाती जमीन त्याच्या हाती सत्ता, हेही हॅरिंग्टनने ओळखले होते. म्हणून जमीनधारणेला मर्यादा घालावी, असे त्याने सुचवले.

अल्जर्नन सिडनीने हा मुद्दा टोकापर्यंत नेला. मालक चांगला आहे की वाईट, यावर गुलामी ठरत नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर जगावे लागणे हीच गुलामी, असे त्याचे प्रतिपादन. राजद्रोहाच्या आरोपावरून १६८३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला आणि त्याचे पुस्तक १६९८ मध्ये छापले गेले. पुढे रूसोने १७६२ मध्ये आर्थिक अट घातली: दुसऱ्याला विकत घेता येईल इतके श्रीमंत कोणी नसावे आणि स्वतःला विकावे लागेल इतके गरीबही कोणी नसावे.

या विचारवंतांची मर्यादाही लक्षात ठेवावी. हॅरिंग्टनच्या प्रजासत्ताकात नोकरांना नागरिकत्व नव्हते. मर्जीच्या राज्याविरुद्ध लिहिणाऱ्या जॉन लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. घरातल्या नवऱ्याची सत्ताही मर्जीचीच सत्ता आहे, हे मेरी वोलस्टोनक्राफ्टला १७९२ मध्ये ठासून सांगावे लागले.

हा विचार आपल्याकडे

महात्मा फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. तरुणपणी त्यांनी थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. १८७३ मध्ये आलेली ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. युरोपातल्या लेखकांनी ‘गुलामी’ हा शब्द बऱ्याचदा राजाच्या जुलमासाठी उपमा म्हणून वापरला; फुल्यांनी तो जातिव्यवस्थेला लावला.

या कल्पनेची एक प्रत्यक्ष कसोटी आपल्याच भागात झाली. म्हसवड ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात होते, तर शेजारची आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेकडे सोपवण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने १९३९ मध्ये संविधान लागू झाले. गावपंचायत हा त्या राज्याचा पाया होता. संस्थानी हिंदुस्थानात असा प्रयोग दुर्मीळ होता आणि त्याचे श्रेय राजांना दिलेच पाहिजे.

पण सिडनीचा प्रश्न इथेही उरतोच. राजाच्या चांगुलपणामुळे मिळालेले स्वातंत्र्य त्या चांगुलपणावरच टिकणार असेल तर? याच औंध संस्थानातले कुंडल पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे केंद्र झाले. तिथे सत्ता कोणी दिली नव्हती, लोकांनी ती उभी केली होती.

बाबासाहेबांचा पुढचा प्रश्न

राजा गेला आणि सत्ता गावाकडे आली, तर महारवाड्याचा मालक गेला का? महार वतनदार एकाचा नोकर नव्हता. तो सरकारी कामाला बांधलेला होता आणि साऱ्या गावाचाही ताबेदार होता. कामाला वेळेचे बंधन नव्हते आणि बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर होते. पाटील भला निघाला तर दिवस बरे जात, एवढेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या परावलंबनाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्यांना प्रजासत्ताक म्हणून गौरवण्यास विरोध केला आणि घटनेचा घटक गाव नव्हे, व्यक्ती असल्याबद्दल समाधान व्यक्त केले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. त्याच भाषणात भिक्खू संघातील ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीच्या नियमांचा दाखला त्यांनी दिला. म्हणजे एका व्यक्तीच्या मर्जीऐवजी सर्वांना सारखे लागू असणारे नियम ही परंपरा इथलीही आहे.

आज याचा उपयोग

गावात ‘आमच्याकडे काही त्रास नाही, सगळे मिळूनमिसळून राहतात’ असे ऐकू येते, तेव्हा हॉब्जचा प्रश्न विचारला जात असतो: आज अडथळा आहे का? कार्यकर्त्याने सिडनीचा प्रश्न विचारावा: उद्या मर्जी फिरली तर? ग्रामसभेत विरोधात बोलल्यावर मजुरी मिळेल का, दुकानात किराणा मिळेल का, पिठाची गिरणी चालू राहील का? महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पण तो वापरायचा तर आधी तो माहीत हवा, आणि तक्रार करणाऱ्यामागे उभे राहणारे चार लोक हवेत.

या प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर मिळते, पण ते कोणाच्या तरी भलेपणावर अवलंबून असते, तेव्हा त्या गावात शांतता असेल. प्रजासत्ताक अजून यायचे आहे.