दप्तरांतील नांव

मुरुमसारख्या गांवांत माणसाची ओळख घराण्यावरून होते. एखाद्या मुलाच्या हातून चोरी घडली, तर त्याचे केस पिकले तरी लोक ती विसरत नाहींत. लोकांच्या स्मरणावर कायद्याचा अंमल चालत नाहीं; सरकारी दप्तरावर मात्र चालतो. तें दप्तर कोणीं पाहावें व किती काळ जपावें, या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

१९४८ पर्यंत मुरुम निजामी राज्यांत होतें, तर शेजारचें सोलापूर इंग्रजी मुलखांत. उत्तर हिंदुस्थानांत १८७१ सालीं सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्यें सर्व इंग्रजी मुलखास लागू करण्यांत आला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. १८९७ च्या दुरुस्तीनें तर चार ते अठरा वर्षांचीं मुलें आईबापांपासून वेगळीं ठेवण्याचा अधिकार सरकारास दिला होता. गुन्हा घडण्यापूर्वींच मूल दप्तरीं गुन्हेगार ठरे! ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर संपुष्टांत आला.

त्याच काळांत दुसरा विचारही रुजत होता. मुंबईंत १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या नांवानें बालगुन्हेगारांची उद्योगशाळा निघाली. १९२४ मध्यें मुंबई इलाख्याचा मुलांविषयींचा कायदा झाला, आणि १९२७ मध्यें चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलास शिक्षेपेक्षां संस्काराची गरज अधिक, हें तत्त्व त्यामुळें मान्य झालें.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानें या तत्त्वाचा पुढचा टप्पा गांठला. मुलाचें नांव वा छायाचित्र छापणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. चारित्र्याच्या दाखल्यासाठीं पोलिसांनीं जुनी नोंद उघड करावयाची नाहीं. अपिलाची मुदत सरल्यावर ती नष्ट करावयाची. १९१२ नव्हे, तर २०१२ सालच्या दिल्लींतील अत्याचारानंतर उसळलेल्या लोकक्षोभामुळें एक अपवाद मात्र आला : सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा अघोर गुन्हा प्रौढाप्रमाणें चालून शाबीत होतो, त्याची नोंद बाल न्यायालय जपून ठेवतें.

शेजाऱ्याला सावध राहण्याचा हक्क नाहीं काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो गैर नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याचें दुःखही खरेंच असतें. परंतु चौदाव्या वर्षीं केलेल्या चोरीमुळें पंचविसाव्या वर्षीं शिपायाची नोकरी नाकारली गेली, तर त्या तरुणानें प्रामाणिकपणें जगावें तरी कशाच्या आधारावर? सोलापुरच्या कुंपणाची तार निघाली. दप्तराची तार तशीच राहिली असती, तर ती सुटका अपुरीच ठरली असती.