घरगुती एस्प्रेसो यंत्र : एका नमुन्यापासून हजार नगांपर्यंत

लग्नाच्या मांडवात वाफेचा फुसकारा सोडत फेसाळ कॉफी देणाऱ्या यंत्राला आपल्याकडे सर्रास ‘एस्प्रेसो’ म्हटले जाते. प्रत्यक्षात तिथे दूध आणि झटपट कॉफीची पूड वाफेने घुसळली जाते. खरा एस्प्रेसो निराळा. बारीक दळलेल्या ७ ते ९ ग्रॅम कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंद ढकलले, की जो दाट अर्क कपात उतरतो, तो एस्प्रेसो. ९ बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास नऊपट. हा दाब, ही उष्णता, पाणी आणि २३० व्होल्टची वीज घरच्या ओट्यावर एकाच पेटीत सुखरूप नांदवायची असते. असे एक यंत्र घडवणे हे कौशल्याचे काम आहे. तेच यंत्र हजार वेळा जसेच्या तसे घडवणे हे मात्र वेगळ्याच जातीचे काम आहे. लहान उद्योजकाची फसगत बहुधा या दुसऱ्या कामात होते.

पूर्वपीठिका

एस्प्रेसोचा इतिहासही याची साक्ष देतो. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती, पण ती बाजारात नेण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. देसिदेरियो पावोनी यांनी ते हक्क घेतले आणि १९०५ पासून मिलानमधील एका छोट्या कारखान्यात दिवसाला एक या वेगाने यंत्रे बनवण्यास आरंभ केला. १९३८ मध्ये अकिले गाजिया यांनी वाफेऐवजी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. युद्धानंतर तिच्यातून दट्ट्याचे यंत्र साकारले आणि एस्प्रेसोवर आज दिसणारी सोनेरी साय आली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने विजेवर चालणारा पंप रूढ केला. त्याच वर्षी ला पावोनीचे ‘युरोपिकोला’ हे घरगुती दट्ट्याचे यंत्र आले. उपाहारगृहातील यंत्र घरातल्या ओट्यावर यायला अशी साठ वर्षे जावी लागली. यंत्र लहान, स्वस्त आणि तरीही भरवशाचे करणे हे मोठे यंत्र करण्याहून सोपे नसते.

विद्यानगरचा शेजार

भारतात असा उद्योग उभा करायचा तर कोणकोणत्या सोयी हाताशी लागतात, हे पाहण्यासाठी हैदराबादमधील विद्यानगर हा भाग सोयीचा आहे. उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेली ही वस्ती मराठी वाचकाला दुर्गाबाई देशमुख यांच्या आंध्र महिला सभेच्या कार्यामुळे ऐकून माहीत असेल. एका बाजूला १९१८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, तर दुसऱ्या बाजूला जवळच निजामकालीन आझामाबाद औद्योगिक वसाहत. शिक्षण आणि कारखानदारी यांचे असे सान्निध्य फार थोड्या वस्त्यांना लाभते.

शहराच्या इतर भागांतही या उद्योगाला पूरक संस्था आहेत. रायदुर्ग येथे तेलंगण सरकारने उभारलेले ‘टी-वर्क्स’ हे नमुने घडवण्याचे केंद्र मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. बालानगरला १९६८ पासून केंद्रीय हत्यार अभिकल्प संस्था आहे. तिथे साचे, जिग आणि फिक्श्चर यांचे शिक्षण मिळते. युसूफगुड्याची राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग संस्था १९६२ पासून हैदराबादेत लघुउद्योजकांना प्रशिक्षण देत आहे. गृहोपयोगी यंत्रांचा वारसाही या शहराला आहे. १९४२ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद ऑलविनचे शीतकपाट एके काळी देशभरातील घरांत होते.

विद्यानगरातील एखाद्या तरुण अभियंत्याने खोलीत बसून एस्प्रेसो यंत्राचा नमुना घडवला, असे समजू. टी-वर्क्ससारख्या केंद्रामुळे पहिला नमुना आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. अवघड आहे तो पुढचा रस्ता.

हजाराचे गणित

यंत्रात साठ सुटे भाग आहेत आणि प्रत्येक भाग ९९.५ टक्के वेळा अचूक येतो, असे धरू. ऐकायला हा दर्जा उत्तम वाटतो. पण साठही भाग एकाच वेळी अचूक असण्याची शक्यता ०.९९५ चा साठावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्केच भरते. दर शंभरांतील २६ यंत्रांत कुठेतरी काहीतरी खटकणार. महिन्याला दहा यंत्रे बनवणारा कारागीर त्यांतली दोन-तीन हाताने घासूनपुसून नीट करतो, आणि ते त्याच्या ध्यानातही राहत नाही. महिन्याला हजार यंत्रे करायची झाली की दुरुस्तीसाठी २६० यंत्रे बाजूला पडतात. त्यांच्यासाठी दुसरा कारखानाच लागेल.

म्हणून उत्पादन वाढवण्याची पहिली पायरी कामगार वाढवणे ही नसून मोजमाप वाढवणे ही आहे. प्रत्येक भागाच्या रेखाटनात मापासोबत टॉलरन्स, म्हणजे त्या मापातील मान्य कमीजास्त, लिहिलेली हवी. कॉफीचा दांडा जिथे अडकतो त्या गॅस्केटची जाडी अर्ध्या मिलिमीटरने बदलली, तरी दांडा एकतर घट्ट बसत नाही किंवा निम्म्यातच अडतो. अशा जागी डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही, ‘गो, नो-गो’ गेज लागते. आलेला माल जोडणीच्या टेबलावर जाण्याआधी तपासणे, प्रत्येक यंत्राला क्रमांक देणे आणि कोणत्या यंत्रात कोणत्या खेपेचा भाग बसला याची नोंद ठेवणे ही कामे कंटाळवाणी खरी. पण एखादी खेप खराब निघाली, तर हजार ग्राहकांना परत बोलवायचे की चाळीसांना, हे त्या नोंदवहीवरच ठरते.

काय घडवावे, काय विकत घ्यावे

सगळे आपणच घडवू, हा आग्रह लहान उद्योगाला बुडवतो. पंप हे त्याचे ठळक उदाहरण. बहुतेक घरगुती यंत्रांत कंपनावर चालणारा छोटा विद्युतचुंबकीय पंप असतो. तो विजेच्या आवर्तनाबरोबर, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला पन्नास वेळा, दट्ट्या पुढेमागे करतो. असे पंप वर्षानुवर्षे लाखोंच्या संख्येने बनवणारे कारखाने जगात आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मात्र एकाच पुरवठादारावर विसंबणे धोक्याचे. पंप, थर्मोस्टॅट आणि सोलेनॉइड झडप यांना दुसरा पर्याय आधीच चाचणी करून ठेवलेला असावा.

बॉयलर, कॉफीचा दांडा बसणारे डोके आणि बाहेरची पेटी हे भाग मात्र स्थानिक ओतकाम व लेथवर चांगले उतरू शकतात. इथे धातूची निवड कसोटी पाहते. लेथवर सहज कापले जाणारे नेहमीचे पितळ सुमारे तीन टक्क्यांपर्यंत शिसे बाळगते. पितळेच्या भांड्याला कल्हई का करत, हे आपल्या आजीला ठाऊक होते. गरम पाणी सतत ज्याच्या सहवासात राहणार, तो भाग अत्यल्प शिशाच्या पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असणे हा ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. वाचलेले थोडे पैसे तिथे उपयोगाचे नाहीत.

यंत्र इथल्या घरासाठी घडलेले असणेही तितकेच महत्त्वाचे. १९६३ मध्ये मुंबईत आरंभ झालेल्या ‘सुमीत’ मिक्सरची कथा प्रसिद्ध आहे. परदेशी मिक्सरची मोटर आपल्या ओल्या वाटपापुढे टिकेना, म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी इथल्या वाटणाला पेलणारी मोटर घडवली आणि त्यातून घराघरांत पोहोचलेला उद्योग उभा राहिला. कॉफी यंत्रापुढची आव्हाने म्हणजे कमीजास्त होणारा विजेचा दाब आणि क्षारयुक्त पाणी. दख्खनच्या खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्याचे पांढरे किटण हीटरवर आणि झडपांत साचले, की पाणी हवे तितके तापत नाही आणि मार्ग अरुंद होतात. किटण काढण्याची सोय मूळ रचनेतच असावी लागते.

सुरक्षितता आणि मानके

वाफेच्या बॉयलरमध्ये १ ते १.५ बार दाबाला वाफ १२० ते १२७ अंशांपर्यंत तापते. थर्मोस्टॅट चिकटला तर काय, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात असलेच पाहिजे. मर्यादेपलीकडे तापल्यास वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट आणि दाब वाढल्यास उघडणारी सुरक्षा झडप, दोन्ही आवश्यक आहेत. बॉयलरची दाबचाचणी थंड पाण्याने, कामाच्या दाबाहून अधिक दाब देऊन करतात. हवेने ती कधीही करू नये. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे बॉयलर फुटला तरी ते स्फोटासारखे उसळत नाही. दाबलेली हवा मात्र उसळते.

विजेच्या घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आयएस ३०२ आहे. द्रव तापवणाऱ्या उपकरणांसाठी त्याचा स्वतंत्र भाग असून कॉफी यंत्रे त्यात येतात. अर्थिंगच्या मार्गाचा विरोध ०.१ ओहमपेक्षा अधिक नसावा, ही त्यातील एक अट. केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी अशा उपकरणांना भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणनाच्या चौकटीत आणले आहे. या आदेशांच्या मुदती व लघुउद्योगांसाठीच्या सवलती वेळोवेळी बदलतात. म्हणून साचे पक्के करण्यापूर्वीच ब्यूरोच्या कार्यालयात चौकशी करावी. साचा झाल्यावर बदल करायचा म्हणजे साचाच मोडीत काढायचा.

पैशाचे चक्र

एका यंत्राचे सुटे भाग १२ हजार रुपयांचे आणि उत्पादन महिन्याला शंभर यंत्रे, असे उदाहरणादाखल धरू. भाग मागवण्यापासून ते येईपर्यंत ९० दिवस, जोडणी व चाचणीला १५ दिवस आणि विक्रेत्याकडून वसुलीला ४५ दिवस, असे पाच महिने होतात. म्हणजे १२ लाखांच्या पाचपट, ६० लाख रुपये सदैव अडकलेले. उत्पादन दुप्पट केले की हीच रक्कम १ कोटी २० लाखांवर जाते. नफा वहीत दिसतो, पण गल्ला रिकामाच राहतो. मागणी वाढल्यामुळेच बंद पडलेले कारखाने असतात, ते यामुळे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराची रक्कम ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी.

ग्राहकांकडून आगाऊ रक्कम घेणे हा मार्ग मोहक वाटतो. अमेरिकेतील अटलांटाच्या ‘झेडपीएम एस्प्रेसो’ या छोट्या कंपनीने २०१२ च्या सुमारास किकस्टार्टरवर २० हजार डॉलर मागितले आणि दीड हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ३ लाख ७० हजार डॉलर दिले. तापमान काटेकोर राखणारे स्वस्त घरगुती यंत्र हे तिचे आश्वासन होते. २०१५ च्या आरंभी कंपनीने यंत्रे पोहोचवता येणार नसल्याचे जाहीर केले. नमुना होता, मागणी होती, पैसाही आला होता. त्या नमुन्याचे ठरल्या किमतीत उत्पादन करणे मात्र साधले नाही. आगाऊ घेतलेला पैसा हा नफा नसून कर्ज असते, आणि ते यंत्राच्या रूपाने फेडायचे असते.

दुरुस्तीची हमी

ग्राहकाचा विश्वास विक्रीच्या दिवशी नव्हे, पहिल्या बिघाडाच्या दिवशी ठरतो. गॅस्केट झिजणार, किटण साचणार, पंप कधीतरी दमणार. हे भाग साध्या स्क्रू ड्रायव्हरने बदलता यावेत, त्यांची किंमत जाहीर असावी आणि विकलेल्या यंत्रांच्या प्रमाणात त्यांचा साठा कायम हाताशी असावा. लहान उद्योजकाला मोठ्या परदेशी कंपनीवर इथेच मात करता येते, कारण तो जवळ असतो.

गोव्याच्या दृष्टीने

गोव्यातील उद्योजकाला हैदराबादची सगळी सोय एका शहरात मिळणार नाही, पण ती फार दूरही नाही. वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतींत जोडणी होऊ शकते. ओतकाम व यंत्रकामासाठी बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिरोली व गोकुळ शिरगाव आहेत. साच्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम आहे. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय घरचेच. चिकमगळूर आणि कोडगूची कॉफीही शेजारच्या राज्यातली.

बेळगावातच १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना गिऱ्हाईक मिळायला सुमारे दोन वर्षे लागली होती. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, १९१० मध्ये. नव्या उद्योजकाने क्रम लक्षात ठेवावा तो असा : आधी दहा यंत्रे बनवून ओळखीच्या घरांत वर्षभर चालवावीत, त्यांचे बिघाड लिहून काढावेत, मग शंभर बनवावीत. शंभरांतील दुरुस्तीला येणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी झाली, तरच हजाराचा विचार करावा. कारण हजारावे यंत्रही कुणाच्या तरी ओट्यावर, बहुधा पहाटे, घरातले इतर झोपेत असताना सुरू होणार असते. ते पहिल्याइतकेच निर्धोक असले पाहिजे.